शितावरून माणसाची परीक्षा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षुकीसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव पसरत होती. जमावाने त्या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारहाण करून त्यांचा जीव घेतला. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते.

अशा बातमीनंतर सगळे विचारतात, की माणसे इतकी क्रूर कशी होतात? तो प्रश्न योग्य आहे, पण त्याच्याआड आणखी अवघड प्रश्न आहे. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याच्या लेखी हे मुलांचे रक्षण होते, म्हणजे पुण्यकर्मच. चांगल्या हेतूची माणसे इतकी भयंकर चूक कशी करतात? आणि त्याच प्रश्नाचे सौम्य रूप आपल्या घरात, सोसायटीत, कचेरीत रोज भेटते. एरवी सज्जन, मदतीला धावणारा माणूस ‘त्या लोकांचा काही भरवसा नाही’ असे एका अख्ख्या समाजाबद्दल सहज कसे म्हणून जातो?

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे आहे. पूर्वग्रह दोन गोष्टी एकत्र आल्याने पक्का होतो. पहिली म्हणजे माहिती झटपट आवरण्याच्या मनाच्या सवयी आणि दुसरी म्हणजे आपली नीती. सवयींमुळे निष्कर्ष चुकतो आणि नीती त्या चुकीच्या निष्कर्षाला कर्तव्याचे बळ देते. नुसती चूक असती तर दाखवून दिल्यावर माणसाने ती सुधारली असती. पण एकदा ते कर्तव्य वाटू लागले की ते सोडणे माणसाला पाप वाटते. हे कसे घडते, ते एकेक पायरीने पाहू.

१. तीन वेगळ्या गोष्टी

रोजच्या बोलण्यात आपण ज्या तीन गोष्टी एकाच नावाने ओळखतो, त्या आधी वेगळ्या करू. एखाद्या समाजाबद्दल डोक्यात तयार असलेले चित्र म्हणजे साचा: ‘ते लोक असेच असतात.’ त्या चित्रासोबत येणारी नावड, भीती किंवा किळस म्हणजे पूर्वग्रह. आणि त्यापोटी केलेली कृती म्हणजे भेदभाव: घर नाकारणे, नोकरी न देणे, मुलांना एकत्र खेळू न देणे.

तिन्ही नेहमी एकत्रच येतात असे नाही. मनात कोणाबद्दलही वैर नसताना केवळ ‘शेजारी काय म्हणतील’ म्हणून घर नाकारणारा मालक भेदभाव करतोच. ज्याला घर मिळाले नाही, त्याच्या दृष्टीने मालकाच्या मनात वैर होते की नव्हते याने काहीच फरक पडत नाही.

२. ‘आपण’ आणि ‘ते’ व्हायला किती लागते?

दोन समाजांत भांडण असेल, जुने वैर असेल किंवा पाण्यासाठी ओढाताण असेल, तरच दुजाभाव येतो असे आपल्याला वाटते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाला याची खात्री नव्हती. तो पोलंडमध्ये १९१९ साली जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात लढताना तो जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून वाचला. युद्ध संपल्यावर त्याला कळले, की त्याचे जवळजवळ सगळे कुटुंब मारले गेले आहे. माणूस माणसांचे गट कसे पाडतो, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्याने १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पडद्यावर क्षणभर दिसणारे ठिपके किती, याचा अंदाज मुलांनी सांगायचा. मग प्रत्येकाला एकेकट्याला सांगितले गेले, की तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटात आहेस किंवा कमी करणाऱ्यांच्या. प्रत्यक्षात ही विभागणी मनाला येईल तशी केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हते. त्यानंतर प्रत्येकाने दोन अनोळखी मुलांना गुण वाटायचे, एक आपल्या गटातला आणि एक दुसऱ्या गटातला. त्या गुणांचे पुढे पैसे मिळणार होते. स्वतःला मात्र काहीच मिळणार नव्हते.

वाटपासाठी आकड्यांच्या ठरलेल्या जोड्या होत्या. एका टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि दुसऱ्या गटातल्याला १, दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि दुसऱ्या गटातल्याला २५. आपल्या गटाचे भले पाहायचे तर १९ घ्यायला हवेत, सात नव्हेत. तरीही अनेक मुले त्या टोकापासून मागे सरकली. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण ‘त्यांना’ आपल्यापेक्षा जास्त नको, अशी ती ओढ होती. वैर, इतिहास, ओळख, स्वार्थ यांतले काहीही नसताना नुसती एक चिठ्ठी चिकटली आणि दुजाभाव सुरू झाला.

यावरून माणूस जन्मतःच द्वेष्टा आहे असे ठरत नाही. त्या मुलांनी दुसऱ्यांचे वाईट चिंतले नव्हते, त्यांनी आपल्यांना झुकते माप दिले होते. बहुतेक भेदभाव असाच असतो. आपल्या माणसाचा अर्ज जरा आपुलकीने वाचला जातो आणि परक्याचा नियमानुसार. कोणाचा अपमान होत नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे संधी एकाच बाजूला साचत जातात.

३. शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहायला स्वयंपाक करणारी बाई एकच शीत दाबून बघते, आणि तिचा निष्कर्ष बरोबर असतो. तो बरोबर का असतो? कारण सगळे तांदूळ एकाच जातीचे, एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, तेवढाच वेळ शिजलेले असतात. एक शीत बाकीच्यांची साक्ष देऊ शकते, ते या सारखेपणामुळे.

मन माणसांच्या बाबतीतही हीच रीत वापरते. एका भाडेकरूने भाडे बुडवले की त्याच्या आडनावाचे सगळे भाडेकरू बुडवे ठरतात. पण माणसांचा समाज एका पातेल्यात शिजलेला नसतो. त्यात शिकलेले-अडाणी, प्रामाणिक-लबाड, तापट-शांत असे सगळेच असतात, आणि आपल्या स्वतःच्या समाजाबद्दल आपल्याला हे पक्के ठाऊक असते. आपला एक चुलता कंजूष आणि दुसरा उधळ्या आहे हे माहीत असल्यामुळे ‘आमचे लोक’ म्हणजे एकच काहीतरी, असे आपण मानत नाही. परक्या समाजातली माणसे ओळखीची नसतात म्हणून ती सगळी एकसारखी दिसतात.

नाव दिल्याने हा परिणाम आणखी वाढतो. ताजफेलने १९६३ मध्ये विल्क्स या सहकाऱ्याबरोबर आठ रेघांचा एक साधा प्रयोग केला होता. चार आखूड रेघांवर एक अक्षर आणि चार लांब रेघांवर दुसरे अक्षर लिहिले, तेव्हा बघणाऱ्यांना दोन गटांतले अंतर खऱ्यापेक्षा मोठे वाटले. अक्षरे नसताना तसे झाले नाही. रेघांबद्दल कोणालाही राग नसतो. तरीही नाव पडताच दोन गटांमधली दरी डोळ्यांना रुंद दिसू लागली.

४. नवास चार

आता थोडे गणित. एका गावात दोन वस्त्या आहेत असे समजा. मोठ्या वस्तीबद्दल वर्षभरात २६ गोष्टी तुमच्या कानावर आल्या, १८ चांगल्या आणि ८ वाईट. लहान वस्तीबद्दल १३ गोष्टी आल्या, ९ चांगल्या आणि ४ वाईट. कोणती वस्ती जास्त वाईट?

दोन्ही सारख्याच. दर नऊ चांगल्या गोष्टींमागे चार वाईट, हे प्रमाण दोन्हीकडे एकच आहे. अमेरिकेत डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी १९७६ मध्ये नेमके हेच आकडे घेऊन, खऱ्या समाजांऐवजी ‘अ’ आणि ‘ब’ अशी कोरी नावे देऊन प्रयोग केला. वाचणाऱ्यांनी लहान गटाच्या नावावर वाईट कृत्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त टाकली आणि त्या गटाबद्दलचे त्यांचे मतही खालावले.

याचे कारण असे, की विरळ गोष्ट लक्षात राहते. लहान गटाचा माणूस विरळ भेटतो आणि वाईट कृत्यही विरळ घडते. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या मनात कोरल्या जातात. बहुसंख्य समाजातल्या कोणी चोरी केली तर बातमी ‘एका तरुणाने चोरी केली’ अशी लक्षात राहते. पारधी या भटक्या जमातीतल्या कोणी केली तर ‘पारध्याने चोरी केली’ अशी. म्हणूनच संख्येने थोडे, गावाबाहेर पाल ठोकून राहणारे, वेगळी भाषा बोलणारे समाज अशा समजुतीला पहिल्यांदा बळी पडतात.

५. त्यांचे गुण नशिबाचे, आपले दोष परिस्थितीचे

डोळ्यांनी चुकीचे पाहिले तरी अनुभवाने सुधारता येईल, असे कोणी म्हणेल. ज्याला वाईट म्हटले तो समाज चांगले वागताना दिसला की मत बदलेल. पण इथे मनाची आणखी एक सवय आडवी येते.

डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांचा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दक्षिण भारतात झाला. कार्यालयांत कारकुनी करणाऱ्या ३० हिंदू व्यक्तींना काही प्रसंग सांगितले गेले. एका दुकानदाराने उदारपणे वागवले किंवा फसवले. एखाद्याने अडचणीत मदत केली किंवा केली नाही. समोरचा माणूस कधी हिंदू होता, कधी मुस्लिम. तो असे का वागला असेल, हे सांगायचे होते. आपल्या धर्माचा माणूस चांगला वागला तर ‘त्याचा स्वभावच तसा’ असे उत्तर जास्त आले आणि वाईट वागला तर परिस्थितीकडे बोट गेले. दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या चांगल्या वागण्याचे श्रेय स्वभावाला तितकेसे मिळाले नाही.

या सवयीचा परिणाम फार दूरवर जातो. आपल्या मुलाने कॉपी केली तर संगत वाईट होती, त्यांच्या मुलाने केली तर रक्तच तसे. आपल्यातला कर्तबगार म्हणजे आपल्या समाजाचे तेज आणि त्यांच्यातला कर्तबगार म्हणजे अपवाद. ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे वाक्य बोलणाऱ्याला कौतुक वाटते, पण ऐकणाऱ्याला त्यातून आपल्या सगळ्या माणसांवरचा शिक्का ऐकू येतो. अपवादाचा वेगळा कप्पा एकदा केला की हजार चांगली माणसे भेटली तरी मूळ मताला धक्का बसत नाही.

६. उलटे गणित आणि त्यावर उभा राहिलेला कायदा

आतापर्यंत एकेकट्या माणसाच्या मनाबद्दल बोललो. या चुका सरकारच्या वहीत उतरल्या की काय होते, हे महाराष्ट्राला फार जवळून माहीत आहे.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, अशी त्यामागची समजूत होती. काही भटक्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १९११ च्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यालाही लागू झाली. नोंद झालेल्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, गाव सोडताना परवाना घ्यावा लागे. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. ती वस्ती आजही सेटलमेंट या नावानेच ओळखली जाते.

यातली तर्काची चूक समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन वस्त्या, प्रत्येकी ५०० माणसांच्या. दोन्हींत वर्षाला पाच जण चोरी करतात. पहिल्या वस्तीवर पोलिसांची सतत गस्त आहे, म्हणून पाचही जण सापडतात. दुसऱ्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही, तिथला एकच सापडतो. वर्षअखेरीस रेकॉर्ड सांगते, की सहा चोरांपैकी पाच पहिल्या वस्तीचे, म्हणजे ८३ टक्के. हा आकडा खरा आहे. आणि त्याच वस्तीतल्या ५०० पैकी ४९५ जणांनी, म्हणजे ९९ टक्क्यांनी, काहीही चोरलेले नाही, हाही आकडा खराच आहे. ‘सापडलेल्या चोरांत त्या वस्तीचे किती’ आणि ‘त्या वस्तीत चोर किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की ४९५ निरपराध माणसे संशयित होतात. मग पुढच्या वर्षी गस्त तिथेच वाढते आणि रेकॉर्ड आणखी फुगते.

संशयाने माणसांची परिस्थितीही बदलते. गुन्हेगार ठरवलेल्या या जमातींपैकी पारधी हे मूळचे शिकारी. फासे लावून तितर, हरिण धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. जंगलाच्या कायद्यांनी आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बंद झाला. शेती नाही, घर नाही, आणि चोर म्हणून नाव झालेल्याला कोणी कामावर ठेवत नाही. गावात चोरी झाली की पोलिस आधी पालावर येतात आणि हाताला लागेल त्याला उचलतात. प्रामाणिक कामाच्या सगळ्या वाटा बुजवायच्या आणि मग एखाद्याने वाकडी वाट धरली की ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणायचे. भाकीतच आपले कारण होते, ते असे.

हे चक्र पोराबाळांच्या डोक्यापर्यंत जाते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. मुले तीच, कोडी तशीच. बदलली होती ती फक्त आपल्याकडे कसे पाहिले जाईल याची जाणीव.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले. पण सराईत गुन्हेगारांसाठीचे नवे कायदे आले आणि संशयाची दिशा तीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांना कायदा गेल्यावरही त्याचा शिक्का घेऊन मोठे होणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

७. इथे नीती येते

इतक्या चुका एकत्र आल्या तरी माणसाला कधीतरी स्वतःची शंका यायला हवी. ती का येत नाही? कारण आपल्या उत्तम भावनाच या चुकांच्या राखणीला उभ्या राहतात. त्यांतल्या तीन महत्त्वाच्या.

पहिली, आपल्या माणसांचे रक्षण. मुलांची काळजी ही माणसाची सर्वांत निर्मळ भावना. पण धोक्याचा इशारा मिळताच मन पुरावा मागायचे थांबते, कारण ‘खोटे ठरले तर बरेच, पण खरे निघाले तर?’ असा हिशेब सुरू होतो. या हिशेबात परक्या माणसाच्या जिवाला किंमत लावलेलीच नसते. २०१८ च्या अफवा जितक्या वेगाने पसरल्या, त्यात पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण इतरांना सावध करतो आहोत असेच वाटले असणार. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वेग कमी करणे हाही एक इलाज असतो, तो यामुळेच.

दुसरी, स्वच्छता आणि पावित्र्य. पॉल रॉझिन यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळाच्या रसात बुडवून काढले आणि लोकांना तो रस दिला. त्यात एकही जंतू नाही हे पटूनही लोक तो पिईनात. किळस तर्काला जुमानत नाही आणि स्पर्शाने पसरते. अन्नाच्या बाबतीत ही भावना जीव वाचवते. पण ती माणसाला लावली की विटाळ होतो. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवणारी गृहिणी त्याला ‘स्वच्छता’ म्हणते. त्याच मावशींनी घासलेल्या ताटात घर जेवते, हे तिच्या लक्षात येत नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळतो, असे स्वतःच सांगितले. जे लपवायचेही वाटत नाही, ते मनाला चूक वाटत नसणार.

तिसरी, न्यायाची भूक. जगात चांगल्याचे चांगले आणि वाईटाचे वाईट होते, यावर विश्वास ठेवावासा वाटणे चांगलेच. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना दुसऱ्या एका मुलीला विजेचे झटके बसताना दाखवले. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ज्यांना तिचे हाल थांबवता येत होते त्यांनी ते थांबवले. हाल चालूच राहणार असे ज्यांना वाटले त्या तिलाच कमी लेखू लागल्या. डोळ्यांसमोरचा अन्याय सहन होत नाही आणि थांबवताही येत नाही, तेव्हा मन म्हणते की तिचेच काहीतरी चुकले असेल. ‘कर्माचे भोग’, ‘कष्ट नकोत, फुकटचे हवे’ ही वाक्ये अशी तयार होतात. न्यायावरची श्रद्धा शाबूत राहते आणि तिची किंमत पीडित माणूस मोजतो.

८. ‘माझे काही नाही हो’

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने मुक्काम केला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. आदल्या दहा दिवसांत त्यांच्या वागण्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. माणूस तोच होता, फक्त त्याची जात उघड झाली होती.

त्याहून बोलका आहे त्यानंतरचा प्रसंग. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, की तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो असे म्हटले. दोघांपैकी कोणीही आपल्याला अडचण आहे असे म्हटले नाही. बाबासाहेबांनी हा अनुभव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे.

‘माझे काही नाही हो, पण आई जुन्या वळणाची आहे’, ‘सोसायटीवाले ऐकणार नाहीत’, ‘गिऱ्हाइकांना चालत नाही.’ प्रत्येक जण स्वतःला निर्दोष ठेवून दार बंद करतो आणि शेवटी सगळी दारे बंद होतात. स्वतःच्या चांगुलपणाची खात्री असणे हेही इथे धोक्याचे असते. बेनोआ मोनँ आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये दाखवले, की ज्यांना आपण पक्षपाती नाही हे आधी सिद्ध करण्याची संधी मिळाली, ते नंतरच्या निर्णयात पक्षपात करायला जास्त मोकळे झाले. ‘माझे कितीतरी मित्र त्या समाजातले आहेत’ हे वाक्य बहुतेक वेळा ‘पण’च्या आधीच का येते, ते यावरून उमगते.

आधुनिक कचेऱ्यांत ही सोय गुणवत्तेच्या नावाने होते. अमरावतीचे अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी चर्चा केली. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, असे ते ठामपणे सांगत होते, आणि त्याच बोलण्यात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची असते असेही सांगत होते.

९. मग करायचे काय?

‘एकमेकांना भेटा, गैरसमज दूर होतील’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच बजावले होते, की भेट उपयोगी ठरते ती चार अटींवर: दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज लागावी, आणि कायद्याचा किंवा वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असावा. घरात येणाऱ्या मावशी आणि मालकीण वीस वर्षे रोज भेटतात, पण समान दर्जाने भेटत नाहीत. म्हणूनच कप वेगळाच राहतो. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो आणि या अटी असतील तर जास्त कमी होतो, असे दिसले.

आपल्याकडचा पुरावाही आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धांचा प्रयोग केला. काही संघ एका जातीचे, काही मिश्र, आणि काही तरुणांना खेळात घेतलेच नव्हते. एका संघात मिळून खेळलेल्यांची दुसऱ्या जातींतल्या तरुणांशी मैत्री वाढली आणि आपल्या जातीला झुकते माप देणे कमी झाले. दुसऱ्या जातीचे खेळाडू विरुद्ध संघात होते तिथे मात्र मेळ घटला. खेळ तोच, मैदान तेच. परिणाम ठरला तो कोण कोणाच्या बाजूने खेळतो यावर.

गौतम राव यांनी दिल्लीतल्या महागड्या शाळांचा अभ्यास केला. तिथे सरकारने गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवायला लावल्या होत्या. अशा वर्गांतली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांबरोबर खेळायला अधिक राजी दिसली. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांकडे आपण गरिबांना दिलेली सवलत म्हणून पाहतो. त्या जागा श्रीमंत मुलांच्याही शिक्षणाचा भाग आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना यातून वगळले होते. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या निर्णयाने काय वाचले, ते या अभ्यासाच्या उजेडात नीट दिसते.

दुसरा उपाय मनावर अवलंबून न राहण्याचा. निर्णयाआधी निकष लिहून ठेवा. भाडेकरूला विचारायचे ते उत्पन्न आणि आधीच्या घरमालकाचा अनुभव, आडनाव नव्हे. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. संदेश पुढे पाठवण्याआधी त्यातले गाव, तारीख, पोलिस ठाणे तपासा. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा, की हीच गोष्ट माझ्या भावाने केली असती तर मी तिचे कारण काय सांगितले असते?

सरकारी नियमांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. नियम सर्वांना सारखा आहे. पण ज्यांना कायद्याने, पोलिसांनी आणि गावाने एका जागी टिकूच दिले नाही, त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीचा कागद कुठून येणार? कारागृहांच्या नियमावल्यांतही या जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी टिकून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला कारागृहांतला जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला, तेव्हा १८७१ च्या कायद्याला दीडशेहून अधिक वर्षे उलटली होती.

आधी मने बदलू द्या, मग नियम बदलू, असे म्हणणाऱ्यांनी हा काळ मोजावा. क्रिकेटच्या मैदानावर आणि दिल्लीच्या वर्गांत क्रम उलटा होता. कोणीतरी संघ मिश्र केला, कोणीतरी जागा राखून ठेवल्या, आणि मने त्यानंतर बदलली. पारध्याच्या मुलाने रोज आपला प्रामाणिकपणा सिद्ध करत बसावे आणि बाकीच्यांनी आपला चांगुलपणा गृहीत धरावा, ही वाटणी अन्यायाची आहे. ती बदलायला मन शुद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. घराची किल्ली, नोकरीची यादी, शाळेचा प्रवेश, ठाण्याची डायरी यांपैकी जे ज्याच्या हातात आहे, तिथे निकष आधी लिहायचा आणि आडनाव न बघता तो पाळायचा, एवढे आजही करता येते.